‘यांची नियुक्ती झाली’ हे इंग्रजीत लिहिताना

‘हिज अपॉइंटमेंट वॉज डन ॲज अ प्रिन्सिपल.’

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात हे वाक्य दर वेळी वेगळ्या हाताने लिहिलेलं असतं आणि दर वेळी तेच असतं. कधी शिक्षणसंस्थेचं वार्तापत्र, कधी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, कधी एखाद्या डॉक्टरांचा परिचय. लिहिणाऱ्यांचं इंग्रजी एरवी बरं असतं. पत्रव्यवहार करतात, बैठकीत बोलतात. पण कुणीतरी एखाद्या पदावर आलं, एवढं सांगायची वेळ आली की गाडी रुळावरून घसरते.

मराठीत पदाची बातमी नामावर चालते: नियुक्ती, निवड, बढती, पदभार. ‘झाली’, ‘केली’, ‘स्वीकारला’ ही क्रियापदं मागून नुसती हमाली करतात. इंग्रजीत सगळी बातमी क्रियापदातच असते, आणि त्याच्यामागे ‘ॲज’ येणार, ‘टू’ येणार की काहीच नाही, हेही तेच ठरवतं. मराठी वाक्य शब्दाला शब्द लावत पलीकडे नेलं की ‘अपॉइंटमेंट वॉज डन’ हातून होणारच.

पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. बहुतेक चुका थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारल्याने होतात. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. मोठ्यानं वाचा, डोळ्यातून सुटलेली चूक कानाला खटकते.

## १. लिहिण्याआधी पाच नोंदी

कागद घ्या आणि लिहा: व्यक्ती कोण, पदाचं अधिकृत नाव काय, पद कुणी दिलं, आधी त्या जागी कोण होतं, आणि तारखा कोणत्या. एखादी नोंद रिकामी राहिली तर फोन करून विचारा, अंदाज बांधू नका.

‘तारखा’ हा शब्द अनेकवचनी आहे, तो तसाच घ्या. द्रौपदी मुर्मू राष्ट्रपतिपदाची निवडणूक जिंकल्याचा निकाल लागला २१ जुलै २०२२ रोजी, आणि शपथविधी झाला २५ जुलैला. ‘वॉज इलेक्टेड’ लिहिलंत तर पहिली तारीख, ‘वॉज स्वॉर्न इन’ लिहिलंत तर दुसरी. अदलाबदल झाली तर व्याकरण बिनचूक राहील आणि माहिती चुकेल. गोव्याचं उदाहरण आणखी नाजूक आहे. मनोहर पर्रीकरांचं निधन १७ मार्च २०१९ रोजी झालं. प्रमोद सावंतांच्या शपथविधीची तयारी १८ तारखेला चालली होती, प्रत्यक्ष शपथ झाली मध्यरात्र उलटून गेल्यावर. म्हणजे तारीख १९ मार्च. आठवणीवर विसंबून ‘काल रात्री’ म्हणून १८ लिहिणारे सापडतात.

पदाच्या नावाचं भाषांतर स्वतः करण्याआधी संस्थेचं लेटरहेड बघा. चिटणीस, सचिव, कार्यवाह या तिघांनाही बहुतेक ठिकाणी इंग्रजीत ‘सेक्रेटरी’च म्हणतात. ‘कार्याध्यक्ष’ मात्र एका संस्थेत ‘वर्किंग प्रेसिडेंट’ असतो, दुसरीत ‘एक्झिक्युटिव्ह प्रेसिडेंट’. संस्था जे वापरते तेच घ्या, आपली आवड बाजूला ठेवा.

सावध: कुलगुरू म्हणजे ‘व्हाइस चॅन्सेलर’. ‘चॅन्सेलर’ म्हणजे कुलपती, आणि महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. नव्या कुलगुरूंना परस्पर राज्यपालांच्या खुर्चीत बसवणारी परिचयपत्रं मी एकापेक्षा जास्त पाहिली आहेत. ‘व्हाइस’ म्हटलं की ‘उप’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे लिहिणाऱ्याला तो शब्द अपमानकारक वाटतो आणि तो गुपचूप खोडला जातो.

## २. पद मिळालं कसं, ते ठरवा

मराठीतला ‘निवड’ हा शब्द फार उदार आहे. मतदान झालं तरी निवड, समितीने मुलाखती घेतल्या तरी निवड, पक्षश्रेष्ठींनी फोन केला तरी निवडच. इंग्रजीत यांची दारं वेगळी आहेत.

मतदान झालं असेल तर ‘इलेक्टेड’. अधिकार असलेल्या व्यक्तीने किंवा मंडळाने नेमलं असेल तर ‘अपॉइंटेड’. अनेकांतून वेचलं असेल तर ‘सिलेक्टेड’ किंवा ‘चोझन’. नाव जाहीर झालं यावर भर असेल तर ‘नेम्ड’. क्रिकेटच्या कर्णधाराला हे शेवटचं क्रियापद छान बसतं. १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले. समितीत मत पडलं असलं तरी ही निवडणूक नव्हे, म्हणून ‘वाडेकर वॉज नेम्ड कॅप्टन’ असंच लिहायचं. ‘इलेक्टेड’ लिहिलं तर खेळाडूंनी मतपेटीत चिठ्ठ्या टाकल्यासारखं होईल.

मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत जरा थांबा. मतदार आमदार निवडतात, आमदार आपला नेता निवडतात, मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात. त्यामुळे ‘वॉज इलेक्टेड लीडर ऑफ द लेजिस्लेचर पार्टी’ बरोबर, ‘वॉज स्वॉर्न इन ॲज चीफ मिनिस्टर’ बरोबर. ‘वॉज इलेक्टेड चीफ मिनिस्टर’ बोलण्यात चालतं, छापताना टाळलेलं बरं. विधानसभा अध्यक्षांना मात्र सभागृहच निवडतं, तिथे ‘इलेक्टेड स्पीकर’ निर्धास्त लिहा.

‘नॉमिनेटेड’ला दोन तोंडं आहेत. राष्ट्रपतींनी लता मंगेशकरांना १९९९ मध्ये आणि सचिन तेंडुलकरला २०१२ मध्ये राज्यसभेवर नेमलं. तिथे ‘वॉज नॉमिनेटेड टू द राज्यसभा’ म्हणजे काम फत्ते, सदस्यत्व मिळालं. पण ‘वॉज नॉमिनेटेड फॉर द प्रेसिडेंटशिप’ म्हणजे नुसतं नाव पुढे केलं. पद मिळेल किंवा नाहीही. ‘टू’ आणि ‘फॉर’ यांत अख्ख्या निकालाचं अंतर आहे.

सावध: ‘बिनविरोध’ आणि ‘एकमताने’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा अर्जच आला नाही तर ‘इलेक्टेड अनअपोज्ड’. सगळ्यांनी एकाच बाजूला मत दिलं तर ‘इलेक्टेड युनॅनिमसली’. गृहनिर्माण सोसायटीचे अध्यक्ष सहसा बिनविरोध असतात. दुसऱ्या कुणाला ती कटकट नको असते, एवढाच त्याचा अर्थ. त्याला एकमताचा मान देऊ नका.

## ३. क्रियापद घ्या, आणि पुढचा शब्द त्यालाच विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘म्हणून’ दिसलं की ‘ॲज’ टाकायचा, ही सवय शाळेपासूनची आहे आणि निम्म्या वेळा चुकते.

बिकम. याच्यामागे काहीच नको, थेट पदाचं नाव. ‘चव्हाण बिकेम द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र ऑन १ मे १९६०.’ ‘बिकेम ॲज’ नाही. पद कुणी दिलं हे या क्रियापदात येत नाही, म्हणून माहिती अर्धवट असेल तेव्हा हे सगळ्यात सुरक्षित. मात्र एका परिच्छेदात पाच वेळा ‘बिकेम’ आलं की परिचय पाढ्यासारखा वाटू लागतो.

अपॉइंट, इलेक्ट. इथे ‘ॲज’ ऐच्छिक आहे. ‘वॉज अपॉइंटेड प्रिन्सिपल’ आणि ‘वॉज अपॉइंटेड ॲज प्रिन्सिपल’ दोन्ही चालतात, मी पहिलं घेतो. पण पदाऐवजी समिती किंवा मंडळ आलं तर ‘टू’ लागतो: ‘अपॉइंटेड टू द बोर्ड’, ‘इलेक्टेड टू द असेंब्ली’. ‘अपॉइंटेड इन द बोर्ड’ ही आपली ‘मंडळात नेमणूक’ आहे, इंग्रजी नव्हे.

मेक, क्राउन. इथे ‘ॲज’ काढूनच टाका. ‘तेंडुलकर वॉज मेड कॅप्टन इन १९९६.’ ‘मेड ॲज कॅप्टन’ ऐकताच कानात खडा गेल्यासारखं होतं. राज्याभिषेकालाही हाच साचा: ‘शिवाजी वॉज क्राउंड ॲट रायगड ऑन ६ जून १६७४’, आणि पद घालायचं तर ‘वॉज क्राउंड किंग’. ‘कॉरोनेशन वॉज डन’ हे आपल्या ‘राज्याभिषेक झाला’चं सरळ पाऊल, म्हणून चूक.

प्रमोट. ‘टू’च. ‘शी वॉज प्रमोटेड टू ब्रँच मॅनेजर’, लष्करात ‘प्रमोटेड टू द रँक ऑफ मेजर’. आपल्याकडच्या कार्यालयांत ‘प्रमोटेड ॲज’ सर्रास चालतं आणि इथे कुणी अडतही नाही. पण मजकूर बाहेरदेशी जाणार असेल तर लक्षात ठेवा: ‘प्रमोटेड ॲज’चा तिथला पहिला अर्थ ‘अमुक म्हणून जाहिरात केली’. एखादा साबण ‘प्रमोटेड ॲज हर्बल’ असतो, तशा तुमच्या बाई ‘प्रमोटेड ॲज मॅनेजर’.

टेक ओव्हर. याची तीन रूपं आहेत. पदासाठी ‘टुक ओव्हर ॲज डीन’. आधीच्या माणसाकडून घेतलं तर ‘टुक ओव्हर फ्रॉम’ आणि त्याचं नाव. आणि थेट वस्तू किंवा संस्था आली की अर्थ ‘ताब्यात घेतलं’ याकडे झुकतो. एका कारखान्याच्या पत्रात नव्या कार्यकारी संचालकांविषयी ‘ही हॅज टेकन ओव्हर द फॅक्टरी’ असं गेलं. मीच वरवर नजर टाकून ते पुढे सोडलं होतं. आठवड्याने बाहेरच्या एका पुरवठादाराचं पत्र आलं: मालकी बदलली असेल तर जुनी बिलं कुणाच्या नावावर करायची?

टेक चार्ज, असूम चार्ज. ‘पदभार स्वीकारला’ याचं ‘ॲक्सेप्टेड द चार्ज’ करू नका. इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणजे आरोपही असतो. ‘टुक चार्ज ऑफ द डिपार्टमेंट’ लिहा, ‘ऑफ’ गाळू नका. राजकीय पदासाठी ‘टुक ऑफिस’. तिथे मध्ये ‘द’ शिरला की अर्थ खोली बळकावल्याचा होतो.

स्वेअर इन. ‘वॉज स्वॉर्न इन ॲज’. ‘इन’ राहिला तर वाक्य लंगडतं. रूपं ‘स्वेअर, स्वोअर, स्वॉर्न’ अशी आहेत. ‘स्वेअर्ड’ असं काही नसतं. शपथविधीला ‘स्वेअरिंग-इन सेरिमनी’, जोडरेषेसकट. शपथ कुणी दिली हे सांगायचं तर ‘बाय’ वापरा: मुर्मूंना शपथ दिली सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी. शपथ घेतली एवढंच सांगायचं तर ‘टुक द ओथ’. ‘गेव्ह ओथ’ हा घोटाळा ‘शपथ दिली’मुळे होतो, देणाऱ्यासाठी क्रियापद आहे ‘ॲडमिनिस्टर’.

सक्सीड. हे नीट बघा, कारण इथे वाक्य उलटं होऊन बसतं. भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. त्यांच्या आधी संजीव खन्ना होते. मराठीत आपण ‘खन्ना यांच्यानंतर गवई’ म्हणतो, खन्ना आधी येतात, आणि हाताला वळण असतं म्हणून इंग्रजीतही खन्ना आधी बसतात: ‘खन्ना सक्सीडेड गवई’. झालं, इतिहास उलटा. बरोबर वाक्य ‘गवई सक्सीडेड खन्ना ॲज चीफ जस्टिस ऑफ इंडिया’. मागून येणारा वाक्यात पुढे. खन्नांपासूनच सुरुवात करायची असेल तर ‘खन्ना वॉज सक्सीडेड बाय गवई’.

आणि माणसाआधी ‘टू’ नको. ‘सक्सीडेड टू खन्ना’ चूक. ‘टू’ येतो गादीआधी: ‘सक्सीडेड टू द थ्रोन’. यशस्वी झाले या अर्थाचा ‘सक्सीड’ वेगळा, त्याच्यामागे ‘इन’ येतो. एकाच शब्दाची ही तीन नाती पाठ केली तरी निम्मं काम होतं.

रिप्लेस. अर्थ जवळपास तोच, सूर वेगळा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५व्या वर्षी निवृत्त होतात. तिथे कुणी कुणाला हटवत नाही, म्हणून ‘सक्सीड’ शोभतं. १९६२ मध्ये चीन युद्धाच्या धक्क्यानंतर कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि यशवंतरावांना दिल्लीला बोलावणं आलं. तिथे ‘चव्हाण रिप्लेस्ड मेनन’ हे वाक्य न सांगता बरंच सांगतं. तुमच्या मुख्याध्यापिका वयोमानाने निवृत्त झाल्या असतील तर नव्या बाईंसाठी ‘रिप्लेस्ड’ वापरू नका. निरोपसमारंभात फुलं दिलेल्या बाईंना कागदावर काढून टाकल्यासारखं होतं.

जॉइन. ‘रुजू झाले’साठी: ‘ही जॉइन्ड द कॉलेज ॲज लायब्रेरियन’. आधी संस्था, मग पद. ‘जॉइन्ड टू’, ‘जॉइन्ड इन द कॉलेज’ दोन्ही बाद.

टर्न. पेशाच बदलला तर ‘टर्न्ड पॉलिटिशियन’. यात ‘अ’ येत नाही. ‘ॲक्टर-टर्न्ड-पॉलिटिशियन’ या जोडशब्दात जुना पेशा आधी, नवा नंतर. उलटं लिहिलं तर पुढारी पडद्यावर जातो.

तपासा: वाक्यात ‘ॲज’ असेल तर तो पुसून वाचा. आधी ‘बिकम’, ‘मेक’ किंवा ‘क्राउन’ असेल तर तो पुसलेलाच ठेवा. ‘टेक ओव्हर’, ‘जॉइन’, ‘स्वॉर्न इन’ असेल तर परत घाला.

## ४. ‘ॲज’ की ‘लाइक’

छोटी पायरी आहे. ‘म्हणून’ असेल तर ‘ॲज’, ‘सारखं’ असेल तर ‘लाइक’. ‘शी वर्क्ड ॲज अ नर्स’ म्हणजे ती नर्स होती. ‘शी वर्क्ड लाइक अ नर्स’ म्हणजे नव्हती, पण नर्ससारखी राबली. नोकरीच्या अर्जात दुसरं वाक्य गेलं की पात्रतेचाच प्रश्न उभा राहतो.

## ५. ‘अ’, ‘द’, की काहीच नाही

एकच प्रश्न विचारा: ते पद त्या संस्थेत एका वेळी एकालाच असतं का?

असेल, तर पदाआधी काही लावायची गरज नाही: ‘वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट’, ‘टुक ओव्हर ॲज प्रिन्सिपल’. अनेकांना असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवाच: ‘वॉज अपॉइंटेड अ जज ऑफ द बॉम्बे हायकोर्ट’. तिथे न्यायाधीश पुष्कळ आहेत, मुख्य न्यायाधीश एकच. म्हणून त्याच न्यायालयासाठी ‘वॉज अपॉइंटेड चीफ जस्टिस’ विनाआर्टिकल. सुरुवातीच्या वाक्यातलं ‘ॲज अ प्रिन्सिपल’ इथे पकडलं जातं. त्याचा अर्थ त्या कॉलेजात दोन-चार प्राचार्य बसतात आणि हे त्यातले एक.

पदाआधी क्रमांक किंवा ‘पहिला’, ‘सर्वात तरुण’ असं काही आलं की ‘द’ लागतोच. प्रतिभा पाटील २००७ मध्ये ‘बिकेम द फर्स्ट वुमन प्रेसिडेंट ऑफ इंडिया’. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये ‘बिकेम द फर्स्ट इंडियन गव्हर्नर ऑफ द रिझर्व्ह बँक’. या दुसऱ्या वाक्यातला ‘इंडियन’ गाळून बघा: देशमुख एकदम बँकेचे पहिलेच गव्हर्नर होतात, आणि त्यांच्या आधीचे सर जेम्स टेलर गायब. ‘पहिले’ लिहिताना कशातले पहिले, ते शब्द मोजून लिहा.

सावध: ‘वन ऑफ द डायरेक्टर’ नाही, ‘वन ऑफ द डायरेक्टर्स’.

## ६. काळ

बातमी ताजी आहे आणि तारीख दिलेली नाही: ‘हॅज बीन अपॉइंटेड’. तारीख आली की ‘वॉज अपॉइंटेड ऑन’. दोन्हींची खिचडी, म्हणजे ‘हॅज बीन अपॉइंटेड ऑन मंडे’, ही आपल्याकडच्या प्रसिद्धिपत्रकांतली बहुधा सगळ्यात जास्त छापली जाणारी चूक. ‘झाली आहे’ आणि ‘झाली’ यांच्या शेजारी आपण मराठीत तारीख बिनदिक्कत ठेवतो, म्हणून ती दिसतच नाही.

पद अजून चालू असेल तर ‘२०१९पासून प्राचार्य आहेत’चं ‘इज प्रिन्सिपल सिन्स २०१९’ होत नाही. ‘हॅज बीन प्रिन्सिपल सिन्स २०१९’ होतं. ‘वॉज’ लिहिलंत तर ते सोडून गेले, असा अर्थ होईल. आणि ‘सर्व्ह ॲज’ हे पदावर येण्याचं क्रियापद नाही, पदावर असण्याचं आहे. ‘सर्व्ह्ड ॲज चेअरमन ऑन ५ जून’ म्हणजे साहेब एका दिवसाचे अध्यक्ष.

## ७. अर्धी पदं

हंगामी, प्रभारी, कार्यवाहक, नियोजित, पदसिद्ध. हे शब्द गाळले तर बातमी फुगते, चुकीचे लावले तर माणूस दुखावतो.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच निधन झालं. वसंतराव नाईक ५ डिसेंबरला मुख्यमंत्री झाले. मधले दिवस बाळासाहेब ऊर्फ पी. के. सावंत यांनी सांभाळले. अशा वेळी ‘नाईक सक्सीडेड कन्नमवार’ लिहिलं की सावंत पुसले जातात. ‘पी. के. सावंत स्टेप्ड इन ॲज ॲक्टिंग चीफ मिनिस्टर’ हे वाक्य मध्ये घाला, मग नाईकांना आणा. ‘स्टेप इन’ आणि ‘ॲक्टिंग’ मिळून तात्पुरतेपणा सांगतात.

‘प्रभारी’साठी आपल्याकडचं ‘इन-चार्ज प्रिन्सिपल’ देशात चालतं. परदेशी वाचकासाठी ‘ॲक्टिंग प्रिन्सिपल’ लिहा. मूळ पद सांभाळून दुसरं आलं तर ‘होल्ड्स ॲडिशनल चार्ज ऑफ’. निवडून आले पण शपथ बाकी, तर ‘-इलेक्ट’: २१ ते २५ जुलै या चार दिवसांत मुर्मू ‘प्रेसिडेंट-इलेक्ट’ होत्या. नेमणूक झाली पण रुजू व्हायचे आहेत, तर ‘-डेझिग्नेट’.

‘एक्स-ऑफिशिओ’ म्हणजे पदसिद्ध. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे ‘एक्स-ऑफिशिओ चेअरमन’ असतात. यातला ‘एक्स’ ‘एक्स-चेअरमन’मधला माजी नव्हे. एका संस्थेच्या इतिवृत्तात या शब्दाचं ‘माजी पदाधिकारी’ असं मराठी झालं होतं, आणि विद्यमान जिल्हाधिकाऱ्यांना त्या बैठकीला बोलावणंच गेलं नाही.

## ८. मराठी झूल उतरवा

गळ्यात अध्यक्षपदाची माळ पडली, सूत्रे हाती घेतली, धुरा खांद्यावर आली, वर्णी लागली. हे सगळं आपल्या वर्तमानपत्रात शोभतं. इंग्रजीत ‘द गार्लंड ऑफ प्रेसिडेंटशिप फेल’ लिहिलं तर वाचक अपघाताची बातमी समजून वाचेल. माळ, सूत्रे, धुरा यांच्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीतलं साधं क्रियापद ठेवा.

‘वर्णी लागली’ मात्र नुसती झूल नाही. त्यात खटपट, वशिला, रांगेत उभं राहणं असं सगळं आहे. ‘वॉज अपॉइंटेड’ लिहिल्यावर तो खोचकपणा जातो. तो ठेवायचाच असेल तर पुढच्या वाक्यात काय घडलं ते सरळ लिहा, आणि ते सिद्ध करता येतं का ते आधी बघा. संस्थेच्या अहवालात तो गेलेलाच बरा.

## ९. एक वाक्य शेवटपर्यंत

मूळ मराठी, माझ्या टेबलावरचं, नावं काढून:

‘श्रीमती अमुक यांची महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी एकमताने निवड करण्यात आली असून डॉ. तमुक यांच्या सेवानिवृत्तीनंतर त्यांनी दि. १ जून रोजी पदभार स्वीकारला आहे.’

आलेलं इंग्रजी: ‘मिसेस अमुक्स सिलेक्शन वॉज डन युनॅनिमसली ॲज अ प्रिन्सिपल ऑफ द कॉलेज अँड आफ्टर रिटायरमेंट ऑफ डॉक्टर तमुक शी हॅज ॲक्सेप्टेड द चार्ज ऑन १ जून.’

फोन केला. निवड कुणी केली? संस्थेच्या नियामक मंडळाने. मतदान झालं का? नाही, मुलाखती झाल्या आणि सगळे एका नावावर ठाम होते. म्हणजे ‘एकमताने’ खरं आहे, ‘इलेक्टेड’ नाही. मंडळाची बैठक कधी? २० मे. ही तारीख मूळ वाक्यात नव्हतीच. पत्रावर बाईंचं नाव कसं आहे? ‘डॉक्टर’. मराठी मसुद्यात ‘श्रीमती’ का, तर टंकलेखकाने मागच्या वर्षीचं पत्रक समोर ठेवून नाव तेवढं बदललं होतं.

मग एका वाक्याची दोन केली, कारण ‘असून’ला इंग्रजीत जोडीदार नाही आणि ‘अँड’ने ती दोरी ताणली की तुटते:

‘द गव्हर्निंग बॉडी युनॅनिमसली अपॉइंटेड डॉक्टर अमुक प्रिन्सिपल ऑफ द कॉलेज ऑन २० मे. शी टुक चार्ज ऑन १ जून, सक्सीडिंग डॉक्टर तमुक, हू हॅड रिटायर्ड द डे बिफोर.’

शेवटचे तीन शब्द घालण्यासाठी आणखी एक फोन करावा लागला. निवृत्तीची तारीख ३१ मे होती.